लिंक्डइनवर नावाखालची ओळ आधी बघा
लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला 220 अक्षरं मिळतात आणि बरेच जण तिथे नुसतं ‘मॅनेजर’ लिहून मोकळे होतात. अंधेरीतली एचआरवाली लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर यादी चाळते, तेव्हा तिला या ओळीची सुरुवातच काय ती दिसते. म्हणून काम आधी लिहा: ‘छोट्या कारखान्यांचे जीएसटी रिटर्न आणि हिशेब, भांडुप ते ठाणे’. पदवी मागाहून आली तरी चालते. स्वतःचा धंदा असेल तर गिऱ्हाईकही याच शब्दांवरून सापडतं.

नोकरी बदलायचीय? ‘ओपन टू वर्क’ ही नोकरी शोधत असल्याची खूण फक्त रिक्रूटरना, म्हणजे नोकरभरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवा. ती सगळ्यांना दाखवलीत तर फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि ती साहेबांनाही दिसते. अर्थात, तुमच्याच कंपनीला पत्ता लागणार नाही याची पक्की हमी लिंक्डइनही देत नाही.