दोघांची ऑफिसं दोन टोकांना असतील तर घर कुठे बघायचं

एकाचं ऑफिस या टोकाला, दुसऱ्याचं त्या टोकाला, आणि घर शोधायला निघालं की ज्याला विचाराल तो एकच सल्ला देतो, मधे कुठेतरी बघा की. आम्हीही तेच केलं होतं. मॅप उघडला, दोन्ही ऑफिसांवर पिन टाकल्या, मधोमध बोट ठेवलं आणि बोटाच्या आसपास फ्लॅट घेतला. दीड वर्ष राहिलो तिथे. मला जायला ५० मिनिटं, नवऱ्याला ४५. तक्रारीला जागा नाही, दोघांना सारखाच त्रास, पण दोघंही ऑफिसला गेलेल्या दिवशी संध्याकाळी साडेआठला जो आधी पोचेल त्याने कुलूप उघडायचं आणि दुसरा येईपर्यंत बूटही न काढता सोफ्यावर आडवं व्हायचं असं चाललेलं. नंतर एकदा कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा कळलं की मधोमध राहण्याच्या नादात आम्ही आठवड्याचे चार तास उगाच रस्त्यावर घालवतोय. तो हिशोब कसा करायचा तेच खाली लिहिते.

पायरी १: किलोमीटर सोडा, मिनिटं मोजा, आणि ती पण दारापासून खुर्चीपर्यंत

ॲप जी मिनिटं दाखवतं त्यात लिफ्टची वाट बघणं नसतं, पार्किंगमधून गाडी काढणं नसतं, पोचल्यावर गाडी लावायला जागा शोधणं नसतं, गेटवरची लाईन नसते. ही पाच-पाच मिनिटं क्षुल्लक वाटतात पण दोन्ही वेळची मिळून सहज अर्धा तास होतो. बस-मेट्रोने जाणार असाल तर वाट बघायची आणि चालायची मिनिटं वेगळी लिहा, कारण ती जास्त टोचतात. वाहतुकीचं नियोजन करणारे लोकही त्यांच्या हिशोबात स्टॉपवर उभं राहिलेलं एक मिनिट गाडीत बसलेल्या दोन मिनिटांच्या आसपास धरतात, आणि भर उन्हात किंवा पावसात स्टॉपवर उभं राहिलेल्या कुणालाही ते पटेल.

मॅपमध्ये 'इतक्या वाजता पोचायचंय' असं टाकता येतं, ते टाका आणि कामाच्या दिवसाचं बघा, रविवारी दुपारी बघून घर ठरवणारे लोक मी पाहिलेत. ३५ ते ६० मिनिटं असं दाखवलं तर ६० धरा. ३५ वाला दिवस आला तर बोनस समजायचा. येतानाचं वेगळं बघा, सकाळी मोकळा असलेला रस्ता संध्याकाळी तुंबलेला असू शकतो. अर्धा तास आधी निघालं तर किती फरक पडतो तेही बघून ठेवा, कधीकधी घर बदलण्यापेक्षा बॉसकडून शिफ्टची वेळ बदलून घेणं स्वस्त पडतं.

मग प्रत्येक ऑफिसभोवती आपापल्या मिनिटांचा घेर काढायचा, म्हणजे इथून ४५ मिनिटांत कुठकुठपर्यंत पोचता येतं तो भाग. हा घेर कधीच गोल येत नाही. मेट्रोच्या बाजूने लांब शेपटी निघते आणि पूल नसलेल्या नदीपाशी एकदम कापला जातो. असले नकाशे काढायची आयडिया जुनी आहे, फ्रान्सिस गाल्टनने १८८१ मध्ये लंडनहून निघून जगात कुठे किती दिवसांत पोचता येतं त्याचा रंगीत नकाशा काढला होता. आपल्याला दिवस नकोत, मिनिटं हवीत, एवढाच फरक. दोन्ही घेर जिथे एकमेकांवर येतात तिथली नावं लिहून काढा. कुठेच येत नसतील तर ते आजच कळलेलं बरं, त्याबद्दल शेवटी बोलू.

पायरी २: मिनिटांना दिवसांनी गुणा

इथेच आम्ही चुकलो होतो आणि इथेच बहुतेक जण चुकतात.

समजा दोन्ही ऑफिसं एकाच सरळ रस्त्याच्या दोन टोकांना आहेत आणि मधलं अंतर एक तासाचं. घर या रस्त्यावर कुठेही घ्या, दोघांच्या मिनिटांची बेरीज ६० च येणार. मधोमध घेतलं तर ३० आणि ३०, टोकाला घेतलं तर शून्य आणि ६०, वीस मिनिटांवर घेतलं तर २० आणि ४०. म्हणजे मधोमध राहून एकूण प्रवास एक मिनिटानेही कमी होत नाही, वाटणी तेवढी सारखी होते. आता एकाला आठवड्यात पाच दिवस जावं लागतं आणि दुसऱ्याला दोन दिवस, बाकी वर्क फ्रॉम होम, असं असेल तर? मधोमध राहिलं तर जायचे ३० गुणिले ७, म्हणजे २१० मिनिटं. पाच दिवसवाल्याच्या ऑफिसशेजारी राहिलं तर ६० गुणिले २, १२० मिनिटं. दोन दिवसवाल्याच्या शेजारी राहिलं तर ३००.

आल्फ्रेड वेबरने १९०९ मध्ये कारखाना कुठे टाकावा यावर लिहिताना हाच विचार केला होता, कच्चा माल एका जागी, गिऱ्हाईक दुसऱ्या जागी, मग कारखाना कुठे टाकला तर वाहतूक कमीत कमी होईल. ज्या बाजूचं वजन जास्त तिकडे कारखाना सरकतो. आपल्याकडे ते वजन म्हणजे ऑफिसला जायचे दिवस.

आमचा खरा आकडा सांगते. मी पाच दिवस जाते, नवरा दोन दिवस. मधल्या घरातून माझे ५० गुणिले ५ म्हणजे २५०, त्याचे ४५ गुणिले २ म्हणजे ९०, एकूण ३४०. आताचं घर माझ्या ऑफिसपासून चालत १२ मिनिटं आणि त्याच्यापासून ८० मिनिटं आहे. माझे ६०, त्याचे १६०, एकूण २२०. एका बाजूचे १२० वाचले, जाऊन-येऊन २४०, झाले चार तास. ऐकायला ८० मिनिटं भयंकर वाटतात, नवऱ्यालाही वाटली होती, पण आठवड्यातून दोनदाच आहेत आणि बाकी दिवशी तो घरीच असतो.

दोघंही पाच-पाच दिवस जात असतील तरी मधोमधच्या घरात एक गोम आहे. प्रत्येक प्रवासात काही मिनिटं ठरलेली असतात, स्टॉपपर्यंत चालणं, वाट बघणं, पार्किंग, धरा १५. अंतर अर्धं झालं म्हणून ती अर्धी होत नाहीत. मधोमध राहिलात तर दोघांनाही ती भरावी लागतात, १५ अधिक ३०, म्हणजे ४५ आणि ४५, बेरीज ९०. एका ऑफिसजवळ राहिलात तर एकाची १० मिनिटं चालत आणि दुसऱ्याची १५ अधिक ६०, बेरीज ८५. शिवाय मधल्या ठिकाणाहून दोघांनाही गाडी बदलावी लागत असेल तर फरक आणखी वाढतो.

पायरी ३: बेरजेच्या नादात एकाला चिरडू नका

वरच्या हिशोबात ८५ जिंकलं खरं, पण त्यातला एक माणूस रोज जाऊन-येऊन अडीच तास प्रवास करतोय. रोज पाच दिवस. बेरीज कमी आली म्हणून ते चालून जातं असं नाही. चेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये लिहिलं होतं की माणूस पायी जाणारा असो की गाडीवाला, दिवसाचा एकूण प्रवास साधारण तासाभराचा ठेवतो, वाहन वेगवान झालं की वेळ वाचवण्याऐवजी लांब राहायला जातो. हा काही कायदा नाही, भरपूर लोक याच्या दुप्पट करतात, पण शरीराला काय मानवतं याचा अंदाज येतो.

म्हणून घरं बघायच्या आधी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर दोन आकडे लिहायचे, रोज जावं लागलं तर एका बाजूची जास्तीत जास्त किती मिनिटं चालतील आणि आठवड्यातून दोनदाच जावं लागलं तर किती. एकमेकांना न दाखवता लिहा. तोंडी विचारलं की समोरच्याचं मन राखायला माणूस 'चालेल गं सव्वा तास' म्हणून जातो आणि तिसऱ्या महिन्यात मग चिडचिड सुरू होते. हे आकडे एकदा लिहिले की ती लक्ष्मणरेषा, कितीही सुंदर बाल्कनी दिसली तरी त्यापलीकडचं घर बघायलाही जायचं नाही.

पायरी ४: मिनिटं कसली आहेत ते बघा

५० मिनिटं बसायला जागा मिळणाऱ्या ट्रेनमधली आणि ३५ मिनिटं क्लच-ब्रेक-क्लच-ब्रेक करत स्वतः चालवलेली, मला विचाराल तर मी डोळे झाकून पहिली घेईन. नवऱ्याची ८० मिनिटं आम्हाला चालली ती यामुळेच, गाडी जिथून सुटते तो स्टॉप घरापासून जवळ आहे, त्याला हमखास खिडकी मिळते आणि लॅपटॉप उघडून सकाळची मेलं तिथेच संपतात. हाच स्टॉप दोन स्टेशनं पुढे असता तर उभ्याने गेला असता आणि आम्ही हे घर घेतलं नसतं. तेव्हा सुरुवातीच्या स्टॉपजवळचं घर पाच-सात मिनिटं लांब पडलं तरी लिस्टमधून काढू नका.

दुसरं म्हणजे गर्दीची दिशा. सकाळी सगळं शहर ज्या बाजूला जातं त्याच्या उलट बाजूला तुमचं ऑफिस असेल तर तेवढंच अंतर बरंच कमी वेळात होतं आणि बसायलाही मिळतं. दोघांपैकी एकाचं ऑफिस शहराच्या बाहेरच्या अंगाला असेल तर हे नक्की तपासा.

पायरी ५: अडीअडचणीला कोण धावणार

मूल असेल किंवा घरात वयस्कर माणसं असतील तर हा मुद्दा सगळ्यांच्या वर न्या. पाळणाघर ठरलेल्या वेळेला बंद होतं, तिथे ट्रॅफिक होता हे कारण दोनदा चालतं, तिसऱ्यांदा बाई तोंड वाकडं करतात. शाळेतून ताप आलाय म्हणून फोन आला तर दोघांपैकी एक तरी अर्ध्या तासात पोचला पाहिजे. मधोमधच्या घरात दोघंही पाऊण तासावर असतात, म्हणजे खरं तर कुणीच जवळ नसतं.

आणि पाळणाघर किंवा शाळा घराजवळ किंवा जवळच्या ऑफिसवाल्याच्या वाटेवर हवी, लांब जाणाऱ्याच्या वाटेवर नको. मात्र एक उघड बोलून घ्या. जो ऑफिसजवळ राहतो त्याच्याच गळ्यात सगळं पडतं, पाळणाघर, गॅसवाला, प्लंबर, सोसायटीची मीटिंग, सगळं. वाचलेला तास असा गेला तर तो वाचलाच नाही.

पायरी ६: कुणाची नोकरी टिकणारी आहे

आज दोन ऑफिसं आहेत, दोन वर्षांनी कुठे असतील? ज्याचं काम एका ठराविक भागातच मिळतं, म्हणजे त्या धंद्याच्या सगळ्या कंपन्या एकाच पट्ट्यात आहेत, त्याने नोकरी बदलली तरी जायचं तिकडेच. ज्याला गावभर कुठेही काम मिळू शकतं, शिक्षक, नर्स, अकाउंटंट, त्याला उद्या घराजवळ नोकरी शोधता येते. तेव्हा घर पहिल्याच्या बाजूला झुकवा. पगार कुणाचा जास्त यावरून ठरवायला जाल तर हिशोबापेक्षा भांडणंच जास्त होतील.

आणि वर्क फ्रॉम होमवर आंधळा भरवसा नको. 'दोन दिवसच यायचंय' हे मॅनेजरच्या तोंडी आहे की लेटरवर आहे ते विचारा. उद्या पाच दिवस बोलावलं तर काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. म्हणूनच मी म्हणेन की नव्या भागात आधी भाड्याने राहा, विकत घ्यायची घाई करू नका.

पायरी ७: पैशाचा हिशोब, थोडक्यात

ऑफिसजवळचं भाडं जास्त असतं हे खरं, पण तुलना नुसत्या भाड्याची करू नका. भाडं, दोघांचा प्रवासखर्च आणि दुसरी गाडी ठेवावी लागणार असेल तर तिचा हप्ता, इन्शुरन्स, पार्किंग, असं सगळं मिळून दोन घरांची तुलना करा. मग उरलेला फरक महिन्यात वाचणाऱ्या तासांनी भागा, एक तास केवढ्याला पडतो ते कळेल. दिवसाचा एक तास वाचला आणि वर्षात २३० दिवस ऑफिस धरलं तर २३० तास होतात, आठ तासांचे जवळपास २९ दिवस. 'लांब पण मोठं घर' या मोहाबद्दल एवढंच सांगते, ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची उत्तरं तपासली तेव्हा लांबून प्रवास करणारे कमी समाधानी निघाले, म्हणजे स्वस्त किंवा चांगल्या घराने त्या प्रवासाची भरपाई झालेली दिसली नाही.

पायरी ८: रंगीत तालीम

शेवटी दोन घरं उरली की करार करायच्या आधी कामाच्या दिवशी, सकाळी नेहमीच्या वेळेला, त्या बिल्डिंगच्या गेटपासून स्वतः ऑफिसला जाऊन बघा. एका घराबाबत ॲप २४ मिनिटं सांगत होतं. मी घड्याळ लावून निघाले, गेटबाहेर रस्ता ओलांडायलाच चार मिनिटं गेली, पहिली बस भरून आली ती सोडली, दुसरीत एका पायावर उभी राहिले, आणि खुर्चीत बसले तेव्हा ५१ मिनिटं झाली होती. ते घर त्याच दिवशी लिस्टमधून गेलं. संध्याकाळीही करा आणि जमलं तर एकदा धो-धो पावसात करा. रात्री उशीर झाला तर शेवटची गाडी किती वाजता आहे आणि स्टॉपपासून घरापर्यंतचा रस्ता एकट्याने चालण्यासारखा आहे का, तेही त्याच फेरीत बघून घ्या.

आणि घेर जुळतच नसतील तर

दोन ऑफिसं अडीच-तीन तासांवर असतील तर मधलं कुठलंच घर धड नसतं, त्या नादाला लागू नका. जास्त दिवस जाणाऱ्याजवळ घर करा आणि दुसऱ्याने आठवड्यातले ऑफिसचे दिवस सलग लावून घेऊन मधल्या एक-दोन रात्री तिकडे एखाद्या खोलीत, मित्राकडे किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहावं. किती महिने हे चालवायचं ती तारीख मात्र कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, आणि त्या तारखेला दोघांपैकी कोण नोकरी शोधायला लागणार त्याचं नावही तिथेच लिहा.