व्हॅक्यूम येत नाही, दार उघडत नाही: अल्ट्रासेंट्रिफ्यूजचं काय करायचं

अल्ट्रासेंट्रिफ्यूजला (सॅम्पल प्रचंड वेगाने फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं मशीन) व्हॅक्यूम येत नाहीये म्हटलं की कोणीतरी लगेच सांगतं, पंपाचं तेल बदला. तेल बदलून झालं की पुढचा शहाणा सांगतो, ओ-रिंगला, म्हणजे दाराच्या रबरी कड्याला, अजून ग्रीस लावा. आणि चेंबरमधल्या दाबाचा आकडा असतो तिथेच अडकलेला, कारण बहुतेक वेळा दोष तेलाचाही नसतो आणि रबराचाही नसतो, चेंबरमध्ये पाणी असतं.

कधीकधी तक्रार वेगळीच येते, "स्पीडच वाढत नाहीये". रोटर, म्हणजे ट्यूब धरून फिरणारा आतला भाग, ३००० आरपीएमच्या आसपास नुसता फिरत बसतो. तेव्हा ड्राइव्हला दोष देण्याआधी व्हॅक्यूमचा आकडा बघा, काही मशीन पुरेसा व्हॅक्यूम येईपर्यंत मुद्दाम स्पीड रोखून धरतात, कारण त्यापुढे हवेच्या घर्षणाने रोटर तापतो.

१. रन थांबवा, स्पीड शून्य झालाय ते बघा, व्हॅक्यूम सोडा, रोटर बाहेर काढा.

२. ओ-रिंग हाताने काढा. स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, सुई काहीही खाचेत घालू नका, खाचेत एक ओरखडा पडला की नवीन रिंग टाकूनही गळती तशीच राहते. रिंगवरून सगळीकडे बोट फिरवा, चीर, केस, टिश्यूचा तुसा काही लागतंय का बघा. धागे न सोडणाऱ्या कापडावर थोडं अल्कोहोल घेऊन रिंग, खाच आणि दार जिथे टेकतं ती कड पुसा. मग सिलिकॉन व्हॅक्यूम ग्रीस, पण रिंगला नुसती चमक येईल इतकंच. पांढरट थर दिसला तर जास्त झालं, पुसून काढा. जास्त ग्रीसने सील घट्ट होत नाही, फक्त धूळ चिकटते.

३. आता खरं काम, पाणी आहे की गळती आहे ते ओळखायचं. मी सगळ्यात जास्त इथेच अडकायचो, कारण दोन्हीत आकडा सारखाच अडकलेला दिसतो.

आधी आकड्याचा अर्थ कळला पाहिजे. बाहेरच्या हवेचा दाब साधारण ७,६०,००० मायक्रॉन (हे इथे दाबाचं एकक, आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम चांगला). २० डिग्रीला पाण्याच्या वाफेचा दाब साधारण १७,५०० मायक्रॉन असतो, ० डिग्रीला ४,६०० च्या आसपास, आणि उणे २० डिग्रीच्या बर्फाचासुद्धा पावणेआठशे. म्हणजे चेंबरच्या तळाशी चार थेंब असले तरी पंप हवा पटकन ओढून टाकतो आणि मग ते पाणी वाफ होत राहतं, आकडा काही खाली यायला तयार नसतो. त्यात पाणी वाफ होताना स्वतः थंड पडतं, गोठतं, आणि तुम्ही चेंबर ४ डिग्रीवर ठेवला असेल तर ते बर्फ निघायला किती वेळ घेईल सांगता येत नाही. म्हणून "थंडच ठेवा, सॅम्पल खराब होईल" हा सल्ला टेस्टच्या वेळी अजिबात ऐकू नका, सॅम्पल आत नाहीच आहे.

चेंबर कोरडा पुसा, तळ आणि कोपरे विसरू नका. रोटर न ठेवता दार लावा, तापमान २५ ते ३० डिग्री ठेवा, व्हॅक्यूम चालू करा आणि दर पाच मिनिटांनी आकडा कागदावर लिहा. लक्षात राहील म्हणून सोडू नका, राहत नाही. डिफ्यूजन पंप (तापवलेल्या तेलाच्या वाफेने उरलेली हवा ओढणारा पंप) गार असेल तर तो तापेपर्यंत आकडा मध्येच थोडा वेळ थांबतो, तेव्हा घाबरायचं नाही. आकडा हळूहळू का होईना पण उतरत राहिला तर ओलावा आहे, निघून जाऊ द्या. एका जागी येऊन तिथेच ठाण मांडून बसला तर गळती किंवा पंप.

तरी शंका असेल तर व्हॅक्यूम सोडा आणि लगेच परत ओढा, दार न उघडता. पहिल्या वेळी बराचसा ओलावा गेलेला असतो त्यामुळे दुसऱ्या वेळी आकडा लवकर उतरतो. गळती असेल तर दोन्ही वेळा तोच खेळ, तोच आकडा. ही एक टेस्ट केली की निम्मे वाद मिटतात.

रिकाम्या चेंबरला व्हॅक्यूम नीट येतोय आणि रोटर ठेवला की येत नाहीये? मग रोटर ओला आहे किंवा कुठलीतरी ट्यूब गळतेय. फ्रीजमधून काढलेल्या रोटरवर बाहेर पाणी जमतंच, ते पुसूनच आत ठेवायचं. स्विंगिंग बकेट (ट्यूब ठेवायचे, फिरताना आडवे होणारे डबे) असतील तर प्रत्येक झाकणाची छोटी रिंग बघा, तिच्याकडे कोणीच बघत नाही.

तेलाचं म्हणाल तर पंपाच्या काचेतून बघा. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, बदला, पण चेंबर कोरडा न करता बदललंत तर नवीन तेलही तसंच होणार. दोन रनच्या मध्ये दार लावून व्हॅक्यूम चालू ठेवला आणि थंड चेंबर उघडायच्या आधी रूम टेम्परेचरला आणला की ही वेळ सहसा येतच नाही. हे सगळं करूनही कोरडा, रिकामा, कोमट चेंबर अडकतोय तर इंजिनिअरला बोलवा आणि तो आकड्यांचा कागद द्या.

४. दार उघडत नसेल तर ओढाताण करू नका. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब असतो, चेंबरचं तोंड ४० सेंटिमीटरचं धरलं तर दारावर बाराशे किलोच्या वर भार आहे, तिथे पटाशी लावून काय होणार? व्हॅक्यूम सोडा, हवेचा फुसफुस आवाज पूर्ण थांबू द्या, मग उघडा.

लाइट गेली असेल तर मात्र जरा दमानं. व्हॅक्यूममध्ये रोटरला रोखायला हवाच नसते, तो तासन्तास फिरत राहू शकतो आणि डिस्प्ले तर बंद असतो. प्लग काढा, हात आणि कान मशीनला लावून थरथर किंवा आवाज आहे का बघा, असेल तर थांबा. पूर्ण शांत झाल्याशिवाय मॅन्युअलमधली इमर्जन्सी उघडायची पद्धत वापरायची नाही.

दार लावलेलं असून मशीन दार उघडं आहे म्हणतंय, तर सरकायच्या पट्टीत काचेचा तुकडा किंवा सुकलेलं बफर अडकलंय का बघा, पुसा, दार शेवटपर्यंत ढकला. तरी तेच दाखवत असेल तर लॅच किंवा स्विच गेला. स्विचला वायरचा जंपर मारून काम चालवणारे लोक भेटतील, त्यांना मशीनला हात लावू देऊ नका, "वापरू नये" असा कागद चिकटवा आणि स्विच बदलेपर्यंत बंद ठेवा.