खंजिरी भजनाला निघण्याआधी ट्यूनरच्या सेलची तयारी

दिवाळी झाली की इकडे भजन स्पर्धा लागतात. पेटी, तबला, खंजिरी, टाळ, सतरंजी सगळं मोजून गाडीत चढतं. एकतारी आणि मेंडोलिन लावायचा क्लिपवाला ट्यूनर, म्हणजे वाद्याला चिमटून सूर दाखवणारं छोटं यंत्र, तेवढा कोणाच्या तरी खिशात राहतो आणि त्याच्या सेलची आठवण मंडळाचं नाव पुकारल्यावर होते. खरं म्हणजे हा सेल वाजवण्यात फारसा संपत नाही, पिशवीत पडल्या पडल्या बटण दाबलं जाऊन उतरतो. तेव्हा तयारी घरूनच सुरू करा.

आठवडाभर आधी ट्यूनरचं झाकण उघडून सेलचा नंबर कागदावर लिहून घ्या. क्लिपवाल्यात बहुतेक चपटा सीआर २०३२ निघतो. नंबरातच माप आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. दुकानदार सीआर २०२५ पुढे करून "सारखाच हाय ना भाऊ" म्हणेल. व्होल्ट सारखेच, ३; पण तो पातळ असल्यामुळे सैल बसतो आणि वाद्य हललं की ट्यूनर बंद पडतो. चार्जिंगवाला एलआयआर २०३२ तर घेऊच नका. त्याचा दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ पर्यंत जातो, आणि ट्यूनर ३ व्होल्टवर चालायला बनवलेला असतो.

गावच्या किराणा दुकानात सेलचं पाकीट टिनाच्या भिंतीला, उन्हाच्या तोंडावर लटकलेलं असतं आणि वर धूळ. हा सेल सावलीत, बंद पाकिटात वर्षानुवर्षं टिकतो, पण आपल्याकडचा एप्रिल-मे त्याने टिनाला चिकटून काढला असेल तर भरवसा नाही. तालुक्याच्या गावी घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून घ्या. त्याच्याकडे माल खपतो, म्हणून ताजा असतो. पाकिटावरची मुदत वाचा, आणि एक नाही, दोन घ्या.

किती पुरेल? सीआर २०३२ मध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास भरलेले असतात. रंगीत, उजळ पडद्याचा ट्यूनर १० मिलिअँपिअर ओढत असेल तर हिशोबाने २२ तास. प्रत्यक्षात बरेच कमी, कारण हा सेल थेंबाथेंबाने द्यायला बनलेला आहे, एकदम जास्त ओढलं की लवकर दमतो. तरी रात्रभरच्या भजनात वाद्य लावायला लागून लागून किती वेळ लागतो? तेवढ्यावर अख्खा हंगाम निघायला पाहिजे. पेन्सिल सेलवाल्या ट्यूनरला अल्कलाइनच घाला. साधा स्वस्त सेल त्याच्या निम्म्यावरच आटोपतो. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे काही ट्यूनर ते भरलेले असतानाही सेल संपल्याची खूण दाखवतात. खुणेला घाबरू नका, पण स्पर्धेच्या दिवशी ते वापरूही नका.

निघायच्या आदल्या रात्री तपासणी. मल्टिमीटर असेल तर नवा चपटा सेल ३ च्या थोडा वर दाखवतो. मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नका. थकलेला सेलही भार नसताना २.९ दाखवून फसवतो. त्यापेक्षा ट्यूनर चालू करून तार छेडा. सूर बरोबर लागून पडदा पूर्ण उजळला की त्याच क्षणी तो मंदावतो किंवा बंद होऊन पुन्हा चालू होतो का, ते बघा. तसं झालं तर सेल बदलाच. काही जण पेन्सिल सेल फरशीवर टाकून बघतात, उडाला तर गेला म्हणतात. २०१५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हेही तपासलं: अल्कलाइन सेल निम्मा उतरला की पुरेपूर उडायला लागतो, म्हणजे उडणारा सेल अर्धा भरलेलाही असू शकतो. चपट्या सेलला हा प्रयोग लागू नाही. अन् सेल चावणं, चुलीजवळ शेकणं हे रिमोटच्या सेलचे जुने चाळे या चपट्या लिथियम सेलवर तर अजिबात नकोत.

जास्तीचा सेल पाकिटातच ठेवा. खिशात चिल्लरीसोबत टाकला तर नाण्यांनी दोन्ही बाजू जोडल्या जाऊन तो रस्त्यातच रिकामा होतो. सोबत छोटा पेचकस आणि चिकटपट्टी. गाडीच्या काचेमागे ट्यूनर ठेवू नका.

मंडपात पोचल्यावर वाद्य लावून झालं की ट्यूनर हाताने बंद करा. आपोआप बंद होतो म्हणतात ते खरं, पण बऱ्याच ट्यूनरमध्ये आवाज आला नाही तरच. माइक मोडवर (हवेतला आवाज ऐकण्यावर) ठेवलेला असा ट्यूनर शेजारचा तबला ऐकत रात्रभर जागा राहतो. सेल बदलला असेल तर आणखी एक बघा: बरेच ट्यूनर सेल काढल्यावर ठरवलेली पट्टी विसरून ४४० हर्ट्झवर येतात. आपली पेटी ४४४ ला असेल तर एकतारी जवळजवळ १६ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली लागेल, आणि परीक्षकाच्या आधी पेटीवाल्यालाच ते खटकेल. पेटीचा सा दाबून पट्टी आधी जुळवून घ्या. ट्यूनर मेलाच तर पेटी आहेच, तिला सेल लागत नाही. मोबाइलवरचं ॲप चालतं, पण त्याच मोबाइलवर भजनाचे शब्द असतात.

मंडपात लहान पोरं फिरत असतात, म्हणून काढलेला चपटा सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून डबीत टाका. पोराने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. उलटी काढायच्या फंदात न पडता थेट दवाखाना गाठा.

परत आल्यावर सेल आणि त्याला टेकणारी धातूची पत्ती यांच्यामध्ये कागदाची बारीक पट्टी सरकवून ठेवा, म्हणजे पिशवीत बटण दाबलं गेलं तरी काही होत नाही. पावसाळाभर वापर नसेल तर सेल बाहेरच काढा, पेन्सिल सेल तर नक्कीच. तो पाझरून पत्तीवर बुरशीसारखी पांढरी पूड चढवतो. चढलीच, तर कापसाला लिंबाचा रस लावून पुसा, हात धुवा, पत्ती पूर्ण वाळू द्या, मगच नवा सेल घाला.