खाजनाच्या बांधाला छोटं अनुदान देताना

खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांधानं अडवून केलेली गोव्यातली सखल शेतजमीन. तिच्या बांधासाठी वाड्यावरच्या गटाला पंचवीस-पन्नास हजार द्यायचे तर दोन पानी अर्ज पुरे: काम कोणतं, करणार कोण, खर्च किती. मराठी-कोंकणी चालेल असं आधीच सांगा, नाहीतर इंग्रजी येणारेच अर्ज करतात.

खरी मेख वेळेत आहे. बांधाची किंवा मानशीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) डागडुजी पावसाआधी उरकावी लागते, तीही ओहोटी बघून. म्हणून मंजुरी डिसेंबरात, पैसे जानेवारीत. एप्रिलात दिले तर चिखल, होडी आणि माणसं जमवेपर्यंत मिरग दारात. जमीन कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमीन-संस्थेची) की भाटकाराची (जमीनदाराची) ते पाहून लेखी संमती पहिल्या हप्त्याआधीच घ्या.

हप्ते ६०, ३० आणि १० टक्के. शेवटचा याहून मोठा नको. गटाकडे पदरचे पैसे नसतात. खातं गटाच्या नावावर, दोन सह्यांचं. चिखल काढणारा पक्कं बिल कुठून देणार? तारीख, काम, रक्कम आणि सही किंवा अंगठा असलेलं व्हाउचर ग्राह्य धरा.

परदेशी देणगी मात्र यात मिसळू नका. परकीय योगदान कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.