मिनी मेट्रो: लंडनमध्ये पहिले हजार प्रवासी कसे पोचवावे

ठाण्याला गाडीत चढून दादर येईपर्यंत एक डाव आरामात होतो. बसायला मिळालं तर. ‘मिनी मेट्रो’ हा गेम न्यूझीलंडच्या डायनोसॉर पोलो क्लब या गेम कंपनीचा. पीटर आणि रॉबर्ट करी या भावांनी २०१३ साली लुडम डेअर या गेम बनवण्याच्या स्पर्धेसाठी त्याचं पहिलं रूप दोन-तीन दिवसांत बनवलं, पूर्ण गेम २०१५च्या नोव्हेंबरात आला. पडद्यावर लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशासारख्या सरळ रंगीत रेघा असतात. त्या रेघा ओढणं हेच आपलं काम.

पहिली रेघ

लंडनपासून सुरुवात करा. गोल, त्रिकोण आणि चौकोन अशी तीन स्टेशनं दिसतील. एका स्टेशनावर बोट ठेवून दुसऱ्यावर ओढलं की लाइन तयार, गाडी आपोआप धावू लागते. तिन्ही एकाच लाइनीत घ्या. बाकीच्या दोन लाइनी लगेच खर्चू नका. थोड्याच वेळात थेम्सच्या पलीकडे स्टेशन उगवतं. नदी ओलांडायला बोगदा लागतो आणि बोगदे मोजकेच असतात.

आकारांची मिसळण

खरा खेळ इथे आहे. स्टेशनाशेजारी जे बारीक आकार जमतात ते प्रवासी. त्रिकोणी प्रवाशाला ठरावीक स्टेशन नको असतं, कुठलंही त्रिकोणी स्टेशन चालतं. ही एक गोष्ट डोक्यात बसायला मला आठवडा लागला. मी आपला जवळजवळची स्टेशनं जोडत सुटलो होतो. लंडनच्या डाव्या कोपऱ्यात ओळीने चार गोल आले, मी त्यांची सुबक हिरवी लाइन केली. गोल स्टेशनावर गोल प्रवासी कधी येत नाही. म्हणजे त्या चारही ठिकाणी त्रिकोण आणि चौकोन ताटकळत उभे, आणि माझी गाडी त्यांना एका गोलावरून दुसऱ्या गोलावर फिरवून आणतेय! उतरणार कुठे?

म्हणून लाइन आखताना अंतर नंतर बघा, आधी आकार बघा. गोल, त्रिकोण, गोल, चौकोन अशी लाइन वाकडीतिकडी दिसली तरी उत्तम चालते. गोल स्टेशनं उदंड येतात, चौकोन कमी. एखाद्या लाइनीला चौकोन नसेल तर ती निदान चौकोनाच्या शेजारच्या स्टेशनावर दुसऱ्या लाइनीला भेटू द्या. पुढे चांदणी, पंचकोन असे दुर्मिळ आकार येतात. त्यांच्यापर्यंत दोन लाइनी नेता आल्या तर फारच छान, कारण गावभरचे चांदणीवाले तिकडेच निघतात.

टोकं जवळ आली असतील तर लाइन जोडून वर्तुळ करा. मग गाडीला टोकाला जाऊन परत फिरावं लागत नाही. पण वर्तुळ मोठं झालं की एका गाडीला फेरी पुरी करायला वेळ लागतो. सात-आठ स्टेशनांच्या वर्तुळात दोन गाड्या हव्यातच, त्याही विरुद्ध दिशांना सोडलेल्या.

मोडायला घाबरू नका

गेम पॉज करूनही लाइनी बदलता येतात, आणि बदलायला काही खर्च नाही. लाइनीच्या टोकाचं टी-आकाराचं बूड धरून मागे ओढा, तुकडा निघतो. त्यावर गाडी असेल तर तुकडा फिकट होऊन गाडी बाहेर पडेपर्यंत टिकतो. मधली रेघ धरून बाजूच्या स्टेशनापर्यंत ताणली की ते स्टेशन लाइनीत आलं. मी खेळातल्या दर आठवड्याला एकदा पॉज करून सगळा नकाशा नव्याने बघतो, आणि निम्म्या वेळा एखादी लाइन सरळ उपटून टाकतो.

रविवारची निवड

खेळातला आठवडा संपला की एक इंजिन मिळतं आणि सोबत दोन वस्तूंपैकी एक निवडायची असते. सुरुवातीला नवी लाइन घ्या. बोगदे संपत आले असतील तर बोगदे. डबा तेव्हाच, जेव्हा गाडी भरून जातेय आणि लोक मागे राहतायत. लंडनच्या गाडीत सहाच प्रवासी मावतात, डबा लावला की आणखी सहा. इंटरचेंज मिळालं तर सगळ्यात गजबजलेल्या स्टेशनावर लावा, तिथे सहाऐवजी अठरा जण थांबू शकतात. एक इंजिन मात्र शिल्लक ठेवायची सवय लावा.

स्टेशन भरलं तर

सहापेक्षा जास्त लोक साचले की स्टेशनाभोवती कडं भरू लागतं. ते पूर्ण भरलं की खेळ खलास. पॉज करा. शिल्लक इंजिन त्याच लाइनीवर, स्टेशनाच्या अगदी अलीकडे सोडा. नसेल तर निवांत लाइनीवरची गाडी उचलून आणा. तीही नसेल तर शेजारची लाइन त्या स्टेशनातून वळवा. गर्दी उतरली की कडंही मागे सरकतं.

हजाराच्या आसपास मात्र एका वेळी तीन-तीन कडी भरायला लागतात. मग डोळ्यांसमोर एक वाचवावं तर दुसरं जातं. यादीत मुंबईचा नकाशाही आहे, पण त्याच्या वाटेला आधी लंडनवर हात बसल्याशिवाय जाऊ नका. मी गेलो होतो. दादर यायच्या आत तिसऱ्यांदा ‘पुन्हा खेळा’ दाबलं होतं.