आधी पाणी बघा, मग मीठ

नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला सगळ्यांना धास्ती असते हाडांची. हाडं पाठ होतात हो. मुलं-मुली अडकतात ती फ्लुइड-इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे अंगातल्या पाणी-क्षारांच्या धड्यात, आणि अडकल्याचं कळतही नाही, कारण आकडे तोंडपाठ असतात. सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५, पीएच ७.३५ ते ७.४५. व्हायवात फाडफाड उत्तरं जातात. पुढे वॉर्डात रिपोर्ट हातात आला की बोंब.

जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) आर्ट्सवरून आलेल्यांनी आणि मराठी माध्यमवाल्यांनी उगाच घाबरू नये. बारावीचं अख्खं केमिस्ट्री इथे लागत नाही. आयन, भार, मोल आणि कॉन्सन्ट्रेशन एवढं पक्कं असलं की गाडी चालते. वही घ्या आणि नॉर्मल सलाइनचं गणित एकदा स्वतःच्या हाताने करा. ०.९ टक्के म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम सोडियम क्लोराइड. त्याचं मोलवजन ५८.५. भागाकार केला की ०.१५४ मोल, म्हणजे १५४ मिलिमोल. आता बाटलीचं लेबल वाचा: सोडियम १५४, क्लोराइड १५४. सोडियमवर भार एकच, म्हणून मिलिमोल आणि मिलिइक्विव्हॅलंट (भार धरून केलेली मोजणी) सारखेच. कॅल्शियमवर दोन, म्हणून तिथे मिलिइक्विव्हॅलंट दुप्पट. मिलिइक्विव्हॅलंटचा बाऊ एवढाच आहे.

आता मुख्य मुद्दा. माझं घोडं इथेच पेंड खात होतं, म्हणून जरा जास्त बोलते.

रिपोर्टमधलं सोडियम म्हणजे शरीरात मीठ किती आहे, याचा हिशेब नव्हे. एक लिटर पाण्यामागे सोडियम किती, एवढंच तो आकडा सांगतो. आमटीत पाणी जास्त पडलं की ती अळणी लागते. मीठ कुणी काढून नेलेलं नसतं. सोडियम १२६ आलं, की ‘मीठ कमी पडलं’ असं मनात येतं. तिथेच थांबा.

मेडिसिन वॉर्डातला हार्ट फेल्युअरचा पेशंट बघा. पाय सुजलेले, नडगीवर अंगठा दाबून उचलला तर खड्डा तसाच राहतो. सोडियम १२६. या माणसाच्या अंगात मीठ जास्तच आहे, पण पाणी त्याहून जास्त आहे. हृदय नीट पंप करत नाही, म्हणून मेंदूला वाटतं रक्त कमी पडतंय. एडीएच, म्हणजे पाणी राखणारं हार्मोन सुटतं आणि किडनी पाणी धरून ठेवते. डॉक्टर लिहितात पाण्यावर बंधन आणि लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. आणि नातेवाईक मात्र ‘सोडियम कमी आहे’ एवढंच ऐकून मीठ घातलेलं लिंबूसरबत पाजत बसलेले असतात. त्यांना समजावणं तुमच्याच वाट्याला येतं.

शेजारच्या कॉटवर जुलाब-उलट्यांचा पेशंट. त्याचंही सोडियम १२६. जीभ कोरडी, बीपी खाली, लघवी जेमतेम. याचं मीठ आणि पाणी दोन्ही गेलं, आणि दिवसभर नुसतं साधं पाणी पीत राहिला. याला नॉर्मल सलाइन लागतं. आकडा तोच, उपचार उलटा. म्हणून रिपोर्ट खाली ठेवा आणि माणसाकडे बघा: सूज, जीभ, नाडी, बीपी, वजन, इनटेक-आउटपुट चार्ट. हा चार्ट शिफ्ट संपताना अंदाजपंचे भरणारे असतात. त्यांच्यात जाऊ नका.

पाणी पेशीच्या आत-बाहेर सहज जातं, सोडियम जात नाही. पेशीच्या पडद्यातला पंप त्याला बाहेर ढकलत राहतो. म्हणून बाहेर सोडियम पातळ झालं की पाणी आत शिरतं आणि पेशी फुगतात. कवटीत मेंदूला फुगायला जागा कुठे? गुंगी, बडबड, फिट्स हे तिथून येतं. आणि घाईने सोडियम चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. २४ तासांत साधारण ८ ते १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर चढू देत नाहीत. तीन टक्के, म्हणजे जास्त मिठाचं सलाइन चालू असेल तर ‘लवकर संपवू’ म्हणून स्पीड वाढवायची नाही.

५ टक्के डेक्स्ट्रोजही असंच फसवतं. बाटलीत ते जवळपास रक्ताइतकंच तीव्र, पण अंगात गेल्यावर साखर पेशी वापरून टाकतात आणि उरतं नुसतं पाणी. सोडियम आधीच कमी असलेल्याला ते का नको, हे आता पाठ करावं लागणार नाही.

पोटॅशियमबद्दल एकच, आणि ओरडून सांगते: पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही. दहा मिलीच्या छोट्याशा अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. हृदय जागीच थांबू शकतं. बाटलीत पातळ करून, नीट हलवून, ठरलेल्या वेगानेच.

सीनियरच्या झेरॉक्स नोट्सनी पास होता येतं, हे खोटं नाही. पण त्या नोट्सची झेरॉक्सची झेरॉक्स काढताना दशांशचिन्ह उडालेलं असतं, आणि ३.५ चे ३५ पाठ करणारेही असतात. माझ्या मते या धड्याची खरी गुरू म्हणजे नाइटला असणारी जुनी स्टाफ सिस्टर. रात्री दोन वाजता तिला ‘याला आरएलच (रिंगर लॅक्टेटची बाटली) का लावलं?’ विचारा. आधी डाफरेल. मग सांगेल, आणि ते विसरणार नाही. आम्ल-अल्कलीचं प्रकरण पहिल्या वर्षी डोक्यावरून जातं, जाऊ द्या. आयसीयू पोस्टिंगला एबीजी (धमनीतल्या रक्ताचे रिपोर्ट) दिसू लागले की बसतं.

कम्युनिटी पोस्टिंगला हे सगळं ओआरएसच्या पाकिटात भेटेल. २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटरसाठी असतं; नीट केलेल्या पाण्यात सोडियम ७५ मिलिमोल, ग्लुकोज ७५, आणि विरघळलेल्या सगळ्या कणांची मिळून तीव्रता, म्हणजे ऑस्मोलॅरिटी, २४५. आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत जातं आणि मागोमाग पाणी. तेच पाकीट आईने २०० मिलीच्या पेल्यात कालवलं तर सगळं पाचपट, १२०० च्या वर. मग आतडं उलट अंगातलंच पाणी ओढतं, जुलाब वाढतात, बाळाचं सोडियम चढतं. दुकानात २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, त्यामुळे घोळ आणखी होतो. ‘पाण्यात टाकून द्या’ एवढं सांगून निघू नका. पाकिटावरचं मिली वाचून दाखवा आणि घरातलं कोणतं भांडं एक लिटरचं, ते मागवून, भरून बघा.