बेगोनियाच्या पानांवर डाग? या चुका टाळा, आणि फवारा आधी खाली ठेवा

"पानांवर डाग पडलेत, कोणतं औषध मारू?" असं विचारणाऱ्याला मी एकच उलट प्रश्न करते: पान उलटं करून बघितलंत का? दहातल्या नऊ जणांनी बघितलेलं नसतं. औषध मात्र मारून झालेलं असतं, बहुतेकदा दोन प्रकारचं.

प्रत्येक डाग म्हणजे बुरशी, हे गृहीत धरणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर माझा विशेष राग. फुलांनी लगडलेली रीगर बेगोनियाची कुंडी होती. एका पानाच्या कडेला मोहरीएवढे दोन-तीन डाग दिसले. मी बुरशीनाशक फवारलं, डागाळलेली पानं कात्रीने छाटली आणि हात चालूच होता म्हणून त्याच कात्रीने शेजारच्या चार कुंड्यांमधली वाळकी पानंही काढून टाकली. स्वच्छता केल्याचं समाधान दहा दिवस टिकलं. मग पहिल्या झाडाचा देठ मऊ, काचेसारखा झाला आणि झाड आडवं झालं. शेजारच्या दोन कुंड्यांमध्ये तेच डाग दिसू लागले. पाचांपैकी तीन झाडं टाकली. त्यातल्याच एकाच्या फांद्या मी आधी मैत्रिणीला लावायला दिल्या होत्या. तिला फोन करणं हा सगळ्यात वाईट भाग होता.

तो झँथोमोनास नावाचा जिवाणू होता. पान उजेडासमोर धरलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. जिवाणूचा डाग सुरुवातीला तेल सांडल्यासारखा पारदर्शक दिसतो, मागच्या बाजूने जास्त स्पष्ट. नंतर तो तपकिरी पडतो आणि भोवती पिवळी कड येते. कडेवरून आत शिरला असेल तर पाचरीसारखा शिरांकडे सरकतो. बुरशीनाशक याला काहीही करत नाही. तांब्याचं औषध फार तर नवा प्रसार रोखतं, आत शिरलेला जिवाणू बरा करत नाही. देठापर्यंत पोचला असेल तर झाड मातीसकट टाकायचं. जीव तुटतो, मान्य आहे. पण त्याच झाडाची कलमं काढून "वाचवू" नका. वरून निरोगी दिसणाऱ्या फांदीतही तो असू शकतो.

तेव्हापासून माझ्या कात्रीशेजारी स्पिरिटची बाटली असते. एक झाड झालं की पातं पुसायचं, मगच दुसरं. कंटाळवाणं आहे, पण करते.

भुरी म्हणून पाणी तोडणं

पांढरी पूड बोटाने पुसली जाते, ती भुरी. (बेगोनिया मॅक्युलाटाचे रुपेरी ठिपके पुसले जात नाहीत, ते जन्मजात आहेत. हसू नका, ते घासून पान फाडलेले लोक मला माहीत आहेत.) भुरी दिसली की लोक घाबरून पाणी बंद करतात. पण या बुरशीला रुजायला पानावर पाण्याचा थर लागत नाही. तिला कोंदट, साचलेली हवा पुरते. म्हणून उपाय पाण्यात नाही, जागेत आहे. कुंड्या लांब लांब ठेवा, हवा खेळू द्या. मी पांढरी झालेली पानं काढते, उरलेली ओल्या कापसाने पुसते आणि छोटा पंखा लावते. गंधक चालतं, पण तीस अंशांच्या वर उन्हाळा असताना मारलंत तर पानंच करपतात. खाण्याचा सोडा घातलेल्या घरगुती पाण्याबद्दल माझं मत वाईट आहे. चमचा अंदाजाने घेतला जातो आणि मग पानावर जे पडतं ते भुरीपेक्षा वाईट.

कडुलिंबाच्या तेलाचंही तसंच. केसाळ पानांच्या बेगोनियावर आणि रंगीत पानांच्या रेक्स बेगोनियावर ते भर उन्हात मारलं तर दोन दिवसांत नवे डाग हजर, आणि ते डाग म्हणजे रोग वाढला असं समजून पुन्हा तेच तेल. आधी एका पानावर मारा, तीन दिवस थांबा.

बाकीचं थोडक्यात. गळलेलं फूल पानावर कुजत पडू देऊ नका, करडी बुरशी तिथूनच सुरू होते. पानामागे खडबडीत, बुचासारखे फोड आले असतील तर पाणी जास्त होतंय, औषधाचा प्रश्नच नाही. नुसत्या कडा कुरकुरीत झाल्या तर हवा कोरडी आहे किंवा मातीत खताचे क्षार साठलेत. उन्हाने भाजलेला डाग फिकट, कागदासारखा असतो आणि पसरत नाही. वर्तुळात वर्तुळ दिसलं आणि फुलकिडेही असले तर विषाणूचा संशय घ्या आणि कुंडी लगेच वेगळी करा. डाग शिरांच्या चौकटीत अडकल्यासारखे कोनदार असतील तर पानाचे तुकडे रात्रभर पेल्यात भिजवून सकाळी भिंगातून बघा. बारीक दोऱ्यासारखं काही वळवळताना दिसलं तर ते सूत्रकृमी.

आणि आठवड्यात तीन औषधं बदलणाऱ्यांनो, जुना डाग कधीच पुसला जात नाही. तो जात नाही म्हणून औषध लागू पडत नाही, असं नाही. मी उपचार सुरू केला की सगळ्यात नव्या पानाच्या देठाला सैलसा दोरा बांधते आणि तीन आठवडे फक्त दोऱ्याच्या वर उमलणाऱ्या पानांकडे बघते.